केशवाच्या किनाऱ्याने

रत्नागिरीच्या टिळक आळीतल्या एका कौलारू घरात २३ जुलै १८५६ रोजी एक मुलगा जन्मला. बारशाला त्याचे नाव केशव ठेवले. ते त्याच्या पणजोबांचे नाव. पुढे तो बाळ झाला, बळवंतराव झाला, लोकमान्य झाला आणि केशव हे नाव चरित्रांच्या पहिल्या पानावरच राहून गेले.

या घरापासून उत्तरेला किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले तर हे नाव पुन्हा पुन्हा भेटत राहते. मालगुंडला केशवसुत भेटतात. अंजनवेलच्या खाडीवर टिळकांचे पणजोबा केशवराव भेटतात. दाभोळची खाडी ओलांडून मुरुडला पोचले की धोंडो केशव कर्वे भेटतात. एका जिल्ह्याच्या एका किनारपट्टीवर एकच नाव इतक्या थोर घरांतून फिरले आहे, हे मला फार दिवस खुणावत होते. माझ्या आजोबांचेही नाव केशव आणि आमचे मूळ गाव गुहागरच्या पलीकडचे. भाची पुण्याहून गाडी घेऊन आली आणि आम्ही दोघी रत्नागिरीहून मुरुडपर्यंत जायला निघालो.

टिळकांचे जन्मघर पाहायला वेळ फार लागत नाही. जांभ्या दगडाचा चौथरा, उतरते छप्पर, लाकडी जिना, भिंतींवर आयुष्यातले प्रसंग सांगणारी चित्रे आणि छायाचित्रे. वडील गंगाधरपंत शाळामास्तर. संस्कृत आणि गणित हे त्यांचे विषय, त्रिकोणमितीवर त्यांनी पुस्तक लिहिले होते. १८६६ साली त्यांची बदली पुण्याला झाली आणि दहा वर्षांचा मुलगा हे घर सोडून गेला. म्हणजे मराठी माणसाच्या मनातले पुण्याचे टिळक आपली पहिली दहा वर्षे इथल्या समुद्राच्या वाऱ्यात वाढले. भाची माजघरात बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, केशव नाव ठेवलं, तर बाळ का म्हणायला लागले?"

याचे उत्तर जुन्या घरांच्या रीतीत आहे. नातवाला आजोबा-पणजोबांचे नाव द्यायचे ही एक रीत. सुनेने सासऱ्याचे आणि बायकोने नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही दुसरी. दोन्ही रीती एकाच घरात पाळल्या की पेच पडतो. पोराला हाक मारायची कशी? मग बाळ, बापू, नाना, अण्णा, तात्या. कोकणातल्या थोर माणसांची निम्मी यादी या हाकांनीच भरलेली आहे. माझी आजी आयुष्यभर 'केशव' म्हणाली नाही. भजनात ते नाव आले की ती तिथे 'माधव' म्हणायची आणि चाल कुठे अडू द्यायची नाही. आजोबा मात्र रोज सकाळी संध्येला बसून आचमनाचा पहिला घोट घेताना 'केशवाय नमः' म्हणत. विष्णूच्या चोवीस नावांत पहिले नाव तेच. एकाच घरात एक माणूस दिवसाची सुरुवात ज्या नावाने करी, ते नाव दुसरे माणूस मरेपर्यंत उच्चारत नसे. लहानपणी मला याचे काही वाटले नाही. आता वाटते, आणि या प्रवासात ते पुढे वाढतच गेले.

रत्नागिरी सोडण्याआधी आम्ही पतितपावन मंदिरात गेलो. भागोजीशेठ कीरांनी ते बांधले. १९३१ साली सगळ्या जातींच्या हिंदूंना खुले असे हे देऊळ उभे राहिले, त्यामागे सावरकर होते. १९२४ पासून १९३७ पर्यंत त्यांना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायची बंदी होती आणि ती वर्षे त्यांनी अस्पृश्यतेविरुद्धच्या कामात घातली. हे देऊळ मला इथल्याच थिबा राजवाड्यापेक्षा जास्त मोलाचे वाटते.

सावरकरांचे नाव निघाले आणि आमचे बोलणे इटलीकडे वळले. भाचीने तिथे दोन वर्षे शिक्षण घेतले आहे. लंडनला असताना सावरकरांनी मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला. थोरले बंधू बाबाराव यांनी तो १९०७ मध्ये नाशिकहून प्रसिद्ध केला, तो हातोहात खपला आणि सरकारने जप्त केला. ते पुस्तक टिळक आणि शिवरामपंत परांजपे यांना अर्पण केलेले होते. 'जोसेफ मॅझिनी' म्हणून आपल्याकडे वाचला गेलेला तो माणूस त्याच्या देशात ज्युसेप्पे. १८०५ साली जिनोव्हात जन्मलेला. लाल डगलेवाल्या हजार स्वयंसेवकांना घेऊन १८६० मध्ये सिसिलीत उतरलेला गॅरिबाल्डी, तोही ज्युसेप्पे. ज्याच्या संगीतनाटकांतली समूहगीते त्या काळच्या इटलीने उरी धरली तो व्हेर्दीही ज्युसेप्पेच. विचार देणारा, तलवार चालवणारा आणि सूर देणारा, तिघांचे नाव एक. येशूच्या घरातल्या सुतार योसेफाचे ते नाव. भाची सांगत होती की १९ मार्चला या संताचा सण असतो आणि इटलीत तोच दिवस वडिलांचा दिवस म्हणून पाळतात. तिकडेही, विशेषतः दक्षिणेत, थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देतात. गॅरिबाल्डीच्या एका नातवाचे नाव ज्युसेप्पे ठेवले. तोही पुढे सेनानी झाला, पण त्याला सगळे पेप्पिनो म्हणत. खुद्द मॅझिनीला घरचे आणि जवळचे लोक पिप्पो म्हणत.

"म्हणजे त्यांचाही बाळच की!" भाची म्हणाली. मला ते फार आवडले. जिनोव्हातल्या पिप्पोचे चरित्र मराठीत येते आणि रत्नागिरीतल्या बाळाला अर्पण होते.

आरे-वारेच्या रस्त्याने समुद्र डाव्या हाताला ठेवून गणपतीपुळे आले. दर्शन घेऊन पुढे मालगुंड, अगदी जवळ. गाव साधे आहे. घरांभोवती गडगे, मागे पोफळी, अंगणात जांभ्याची लाल माती. १८६६ साली इथे कृष्णाजी केशव दामले जन्मले. वडील केशव विठ्ठल दामले मराठी शाळेत शिक्षक, गावात केसोपंत म्हणत. पुढे त्यांनी शाळा सोडली आणि विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या खोतीची व्यवस्था पाहायला दापोली तालुक्यातल्या वळणे गावी गेले. मराठी कवितेची वाट बदलणाऱ्या कवीचे बालपण असे या मास्तरांच्या बेताच्या संसारात, मालगुंड आणि वळणे या दोन गावांत गेले.

कवीचे घर डागडुजी करून जपले आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने, मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने, त्याच्या आवारात स्मारक उभे केले आणि १९९४ साली कुसुमाग्रजांनी त्याचे उद्घाटन केले. आवारात दगडांवर केशवसुतांच्या कविता कोरल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती. एक मुलगा 'तुतारी' मोठ्याने वाचत होता, बाकीचे त्याच्या मागे म्हणत होते. मराठीत एवढे जिवंत स्मारक मी दुसरे पाहिले नाही.

मला त्या दगडांपेक्षा त्या नावाने जास्त वेळ थांबवले. कवीला स्वतःचे नाव होते, कृष्णाजी. तेही काही वाईट नव्हते. पण ज्या कवीने जुने टाकून द्यायला सांगितले, रूढीवर घाव घातले, इंग्रजीतले सुनीत मराठीत आणले, जातिभेदाबद्दल रोखठोक लिहिले, त्याने स्वतःची ओळख मात्र वडिलांच्या नावाने सांगितली. केशवाचा मुलगा, एवढीच. शिक्षण वडोदरा, नागपूर असे फिरत पुण्याला आले. टिळक-आगरकरांनी उभ्या केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते १८८९ साली मॅट्रिक झाले. मग मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड, जिथे मिळेल तिथे मास्तरकी. १९०५च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने गेले, वय चाळिशीच्या आत. पाठोपाठ पत्नीही गेली. कवितांचे पुस्तक त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही. ते नंतर हरिभाऊ आपट्यांच्या पुढाकाराने निघाले. मालगुंडच्या केसोपंतांना मात्र या मुलाने अमर केले. धाकटे भाऊही कमी नव्हते. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले आणि आजही मराठी व्याकरणाचे गंभीर काम करणाऱ्याला ते उघडावेच लागते. सीताराम केशव दामले पत्रकार आणि कादंबरीकार. एका खेड्यातल्या शिक्षकाची ही तीन मुले. मराठीत आणखी एक केशवपुत्र असाच वडिलांच्या नावाने कविता करत होता, 'झेंडूची फुले'वाले केशवकुमार, म्हणजे सासवडचे प्रल्हाद केशव अत्रे.

मालगुंडहून आत वळून आम्ही कोळिसऱ्याला गेलो. वरच्या सड्यावर रखरखीत ऊन आणि खाली दरीत उतरत जावे तसा गारवा. पायऱ्या संपतात तिथे झाडांच्या दाटीत लक्ष्मीकेशवाचे देऊळ. आत काळ्या शिळेची उंच, रेखीव मूर्ती. चार हात, चार आयुधे. विष्णूच्या चोवीस रूपांना चोवीस नावे आहेत आणि ती ओळखायची खूण एकच: शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात कोणते. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा असे मोजत गेले आणि पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की तो केशव. क्रम बदलला की नाव बदलले. भाचीने बोट हवेत फिरवून दोनदा मोजले. पुजाऱ्यांनी आम्हाला तीर्थ दिले आणि "कुलदेव का?" म्हणून विचारले. या बाजूच्या कितीतरी घराण्यांचा कुलदेव लक्ष्मीकेशव आहे. चिपळूण तालुक्यात बिवलीलाही असाच लक्ष्मीकेशव आहे. घराघरांत केशव का, ते इथे उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. देवाचे नाव कुळाला मिळाले, कुळातून ते पणजोबाला आणि पणजोबाकडून टिळक आळीतल्या पाळण्यात आले.

जयगडच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी थोडे थांबावे लागले. पलीकडे तवसाळ. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते, वर जयगडचा किल्ला उभा आहे. फेरीबोट नव्हती तेव्हा ही खाडी तरीतून ओलांडत, नाहीतर फार लांबचा वळसा. केशवसुतांना मालगुंडहून वळण्याला, कर्व्यांना मुरुडहून कुठेही जायचे तर खाड्या आणि घाट एवढेच रस्ते होते. हे ध्यानात ठेवले की या माणसांनी शिक्षणासाठी काय केले त्याची किंमत कळते.

तवसाळहून हेदवी, हेदवीहून गुहागर. सगळा रस्ता चढ-उताराचा. मधे आत कोतळूक, गोपाळ कृष्ण गोखल्यांचे जन्मगाव. आम्ही तिथे वळलो नाही, पण गोखल्यांचे नाव पुढे लागणार आहे. गुहागरला रात्र काढली. सकाळी अंजनवेल.

अंजनवेलचा किल्ला वाशिष्ठीच्या मुखावर आहे. १७४५ साली तुळाजी आंग्र्यांनी तो सिद्दीकडून घेतला आणि नाव ठेवले गोपाळगड. याच वाशिष्ठीवर चिपळूणजवळचा गोवळकोट, त्याचे झाले गोविंदगड. किल्ल्यांनाही विष्णूचीच नावे. गोपाळगडाचा खंदक अजून खोल आहे, आतल्या भागात आंब्याची झाडे वाढली आहेत आणि तटावरून खाडी, समुद्र आणि दाभोळ एका नजरेत येतात. टिळकांचे पणजोबा केशवराव पेशव्यांच्या वतीने अंजनवेलचे मामलेदार होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि कोकणातले किल्ले एकामागून एक इंग्रजांकडे गेले. केशवरावांनी मामलत सोडली. नव्या धन्याची चाकरी करायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजांनी जुन्या कामगारांना पुष्कळ ठिकाणी नोकरीत ठेवून घेतले होते. मामलत सोडणे म्हणजे घरच्या उत्पन्नावर पाणी सोडणे होते.

तटावर बसून मी भाचीला हे सांगत होते, तेव्हा मला टिळकांच्या बारशाचा अर्थ नव्याने उमगला. राज्य जाऊन अडतीस वर्षे झाली होती. घर आता शिक्षण खात्यातल्या पगारावर चालत होते. त्या घराने मुलाला नाव दिले ते इंग्रजांची नोकरी न करणाऱ्या पणजोबाचे. गंगाधरपंतांच्या मनात काय होते ते सांगता येणार नाही. पण मुलगा मोठा होऊन जे झाला, त्यात अंजनवेलच्या केशवरावांचा अंश मला स्पष्ट दिसतो. टिळकांनीही बी.ए., एलएल.बी. होऊन सरकारी नोकरी धरली नाही. आगरकर, चिपळूणकर आणि नामजोशींबरोबर तुटपुंज्या पगारावर शाळा चालवली.

धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या बोटीत आम्ही गाडीतून उतरून कठड्याशी उभ्या राहिलो. दाभोळ हे बहामनी काळापासूनचे मोठे बंदर, इथून अरबस्तान-इराणपर्यंत व्यापार चाले. खाडीकाठाला शाही मशिदीचा घुमट लांबूनच दिसतो. भाची अजून ज्युसेप्पेतच होती. म्हणाली, "या वाड्यांमधला युसूफ, गोव्यातला जुझे आणि तिकडचा ज्युसेप्पे, सगळे एकच ना?" एकच. योसेफाचे नाव अरबांबरोबर या खाडीत आले आणि पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरले. केशव मात्र समुद्र ओलांडून फारसा कुठे गेला नाही. तो याच लाल मातीत पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिला.

दाभोळहून मुरुडकडे जाताना लाडघर लागते. स्वच्छ, लांब किनारा, बऱ्यापैकी पर्यटक, जागोजागी न्याहारी-निवासाच्या पाट्या. इथल्या बल्लाळ बाळ यांची मुलगी तापी. टिळकांचे मूळ गाव चिखलगाव याच दापोली तालुक्यात. तिथे १८७१ साली तिचे पंधरा वर्षांच्या टिळकांशी लग्न झाले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितात. तापीची सत्यभामा झाली. नवरा केशव, तेव्हा बायको सत्यभामा. मालगुंडच्या कृष्णाजींच्या पत्नीचे नाव रुक्मिणी. पुराणाचे नाते नवऱ्याच्या नावाशी जुळले म्हणजे झाले.

लाडघरच्या त्या वाळूत मला आजीची फार आठवण झाली. पुरुषाचे नाव जपायला या समाजाने किती व्यवस्था केल्या होत्या. नातवाला द्यायचे, मुलाच्या नावामागे लावायचे, कुलदेवाशी जोडायचे, आदरापोटी तोंडाने घ्यायचेही नाही. बाईचे नाव एका अंगठीच्या टोकाने पुसले जाई आणि तेही तांदळात. अंजनवेलचे केशवराव मामलेदार शतकानुशतके चरित्रांत राहतील. तापी बाळ लाडघरला किती वर्षे वाढली, काय शिकली, कशी बोलायची, यातले काही मागे राहिले नाही. जून १९१२ मध्ये त्या पुण्याला वारल्या. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते, बातमी तारेने गेली. एकेचाळीस वर्षांच्या संसारातला केवढा तरी काळ त्यांनी नवऱ्याच्या खटल्यांत आणि तुरुंगवासांत काढला. इतिहासाने त्यांच्या नावावर एवढेच लिहिले.

भाची गप्प झाली होती. मग म्हणाली, "तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय होतं गं, मावशी?" दुर्गा. मला माहीत होते, कारण एकदा तिने स्वतःच सांगितले होते, हसत आणि अगदी हळू आवाजात.

मुरुडला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सरळ रेषेत गेलेला रस्ता, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि कोरीव लाकडी खांबांचे दुर्गादेवीचे देऊळ. केशवपंत आणि लक्ष्मीबाई कर्व्यांचे हे गाव. लक्ष्मी आणि केशव. कोळिसऱ्याच्या देवळातली जोडी इथे एका गरीब घरात नांदत होती. मुलगा धोंडो १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीला जन्मला आणि मुरुडला वाढला. सोमण गुरुजींनी त्याला घडवले. परीक्षेचे केंद्र साताऱ्याला म्हणून सतराव्या वर्षी सोबत्यांबरोबर भर पावसात सह्याद्री चढून पायी साताऱ्याला गेला. तिथल्या अधिकाऱ्यांना तो फार लहान दिसला म्हणून त्यांनी त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. तो परत आला आणि दुसऱ्या वर्षी कोल्हापूरला जाऊन पास झाला. या माणसाचे पुढचे सगळे आयुष्य या एका गोष्टीत आहे असे मला वाटते. हाकलले तर परत यायचे आणि पुन्हा जायचे.

टिळक १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि फर्ग्युसनमध्ये गणिताला माणूस हवा झाला. गोखल्यांनी मुंबईहून कर्व्यांना बोलावले. १८९१च्या नोव्हेंबरात कर्वे रुजू झाले. रत्नागिरीच्या केशवाची रिकामी झालेली गणिताची जागा मुरुडच्या केशवपंतांच्या मुलाने भरली, आणि मधे दुवा कोतळूकच्या गोखल्यांचा. त्याच वर्षी कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी लग्न केले. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिक्षण, असा गोदूबाईंचा प्रवास होता. विधवेशी लग्न केले म्हणून मुरुडने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी त्यांनी १८८६ मध्ये मुंबईतल्या मुरुडकरांकडून वर्गणी गोळा करून मुरुड फंड उभारला होता, तेच हे गाव. आई आणि भाऊ दोघांनाही त्याचे चटके बसले.

आम्ही जिथे जेवलो, तिथल्या काकूंनी आमटी वाढता वाढता विचारले, "अण्णांचं गाव बघायला आलात?" अण्णा म्हणजे कर्वे. मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, "आमचे सासरे सांगायचे, गावानं आपल्या सोन्यासारख्या माणसाला वाळीत टाकलं होतं, ते विसरू नका." स्वतःच्या गावाची चूक इतक्या सरळपणे सांगणारे तोंड मी फार थोड्या ठिकाणी ऐकले आहे. गावात आता कर्व्यांचे स्मारक आहे. १८९६ साली विधवांसाठी आश्रम, मग हिंगण्याचा माळ, १९१६ साली महिला विद्यापीठ, १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. हा सगळा तपशील शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो.

गोदूबाईंचेही नाव लग्नात बदलले. त्या आनंदीबाई झाल्या, लोक त्यांना बाया कर्वे म्हणू लागले. पण त्यांनी आपली हकीकत स्वतः सांगितली आणि 'माझे पुराण' या नावाने ती पुस्तकात आली, म्हणून देवरुखची गोदू आपल्याला आजही भेटते. एक फरक पडला तो इथे. लाडघरच्या तापीला ती संधी मिळाली नाही.

आणखी एका नावाची आठवण इथे द्यायला हवी. कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांची पत्नी १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेली. वडिलांनी तिथल्या नदीचे नाव मुलीला दिले. लग्न होऊन ती केशवपंतांच्या या घराण्यात आली तेव्हा तिचे नाव कोणी तांदळात पुसले नाही. भारतातल्या नातेसंबंधांचा शास्त्रीय अभ्यास करून १९५३ मध्ये मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या इरावती कर्वे त्याच. धोंडो केशवांच्या घरात सून स्वतःच्या नावाने राहिली, हे मला त्यांच्या विद्यापीठाइतकेच महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापायची चांगली परंपरा आहे. कोकणातल्या बहुतेक घराण्यांनी ते काम केले आहे आणि आता नव्या आवृत्त्या निघत आहेत. त्यांत पुरुषांची नावे दहा-दहा पिढ्या मागे जातात. सुनांची माहेरची नावे कधी कंसात येतात, पुष्कळदा येतच नाहीत. ज्यांच्या घरात नव्वदीची माणसे अजून आहेत त्यांनी त्यांच्याशेजारी बसून आजीचे, पणजीचे, तिच्या सासूचे माहेरचे नाव आणि गाव विचारून आजच लिहून ठेवावे. केशव कोणाकडून आला हे पुढच्या पिढीला सांगायला कुलदेव आहे, आडनाव आहे, पुस्तके आहेत. तापी, गोदू आणि दुर्गा यांची नावे मात्र आपण लिहिली नाहीत, तर पुढची पिढी ती कोणालाच विचारू शकणार नाही.